शेतकऱ्याचे घर आणि वैशाखाचे ऊन

शेतकऱ्याच्या आयुष्यात घर बहुधा एकदाच बांधले जाते. बियाणे फसले तर पुढील हंगामात बदलता येते. परंतु एकदा ओतलेले छत दोन पिढ्या डोक्यावर राहते. म्हणून पाया खणण्यापूर्वी खोल्या किती व दार कोठे याबरोबरच, या घरात मे महिन्यात झोप लागेल काय, याचाही विचार केला पाहिजे. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातील नव्या स्लॅबच्या घरांतील माणसे उन्हाळ्यात रात्री अंगणात निजताना दिसतात. विंचूकाट्याचे भय पत्करून बाहेर निजावे लागत असेल, तर त्या घरावरील खर्च पुरता सार्थकी लागला असे म्हणवत नाही. शिवाय घरातील आजारी माणूस व बाळंतीण यांना ती सोयही नसते.

जुनी माळवदाची घरे बरी होती, असे वृद्ध मंडळी सांगतात. गारव्यापुरते ते खरे आहे. हात-दीड हात मातीचे छत दुपारचे ऊन सहजासहजी आत उतरू देत नसे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या व तेच जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. त्या रात्री हजारो माणसे दगावली. तेव्हा जुन्या घराची जाडी नको, गारवा मात्र हवा, अशी आपली गरज आहे. आणि थोडे नियोजन केल्यास ती भागविता येते.

प्रथम सूर्याची वाट पाहावी. मेच्या मध्यास लातूरकडे आणि महिनाअखेरीस नागपूरकडे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडतच नाही. ते पडते छतावर, सकाळी पूर्वेच्या व दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर. म्हणून घराची लांबी पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे ऊन खाणाऱ्या दोन्ही भिंती आखूड राहतात. घरकुल योजनेतील किमान २५ चौरस मीटरच्या घरासही हाच नियम लागू आहे. दार पूर्वेस असावे अशी घरच्यांची इच्छा असल्यास त्याने काही बिघडत नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्यात पुरेशी सावली देतो, आणि थंडीत सूर्य खाली उतरला की त्याखालून ऊन आतही येते. पश्चिमेस मात्र छज्जा निरुपयोगी होय, कारण तेथील ऊन आडवे येते. त्या बाजूस निजण्याची खोली न ठेवता पडवी, न्हाणीघर किंवा धान्याची खोली घ्यावी. पलीकडे काही अंतरावर कडुनिंब लावावा. तो वाढेपर्यंत दोडक्याचा वा घोसाळ्याचा मांडव चालेल. वड-पिंपळ घराजवळ नकोत, त्यांची मुळे पायात शिरतात.

परंतु खरा शत्रू छत आहे. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि त्याची धग संध्याकाळपासून खाली उतरते. पंखा तीच ऊन हवा माणसावर ढकलतो. यावर सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची झाडून, धुऊन, चुन्याच्या निवळीत थोडा डिंक घालून दोन-तीन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवून लावतो. पावसाळ्यात हा थर धुपतो, म्हणून दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. कायमचे काम हवे असल्यास विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या फरशांचे तुकडे बसवावेत. मात्र त्याचे वजन स्लॅबच्या आखणीतच धरलेले असावे. काही जण गच्चीवर कडबा रचतात. सावली मिळते हे खरे, पण एका ठिणगीने चारा व घर दोन्ही धोक्यात येतात. पत्र्याचे छत असल्यास त्याखाली वीत-दीड वीत जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बसवाव्यात, आणि मधली तापलेली हवा निघून जाण्यास दोन्ही टोकांस झरोके ठेवावेत.

भिंतींविषयी एक उपयुक्त रीत सांगण्यासारखी आहे. लॉरी बेकर (१९१७–२००७) या वास्तुशिल्पज्ञांनी केरळात विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत रूढ केली. तीत सुमारे चौथाई विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णतेस अडविते. आपल्या गवंड्यास ही रीत परिचित नसल्यास आधी गोठ्याची भिंत बांधवून पाहावी. भिंत कोणतीही असो, जोत्याशी, खिडक्यांच्या माथ्याशी व छताशी सळई घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा घेण्यात काटकसर करू नये.

खिडक्या समोरासमोर असाव्यात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास त्या लावून घ्याव्यात व सूर्यास्तानंतर उघडाव्यात. कोकणात मात्र हवा दमट असल्याने तेथे वारा दिवसभर खेळता ठेवणेच हितकर. चुलीची धग निजण्याच्या खोलीत येऊ नये म्हणून स्वयंपाकघर शेवटास घ्यावे. चार-पाच गुरे असल्यास गोबर गॅस संयंत्रासाठी गोठ्याजवळ उन्हाची जागा राखावी; विहीर त्यापासून दूर असावी.

सौर पॅनेल बसविण्याचा विचार असेल, तर १ किलोवॅटसाठी सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व दिवसाकाठी सरासरी ४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असते. म्हणून पाण्याची टाकी व जिन्याची खोली गच्चीच्या उत्तर अंगास घ्यावी, म्हणजे त्यांची सावली पॅनेलवर पडणार नाही. ही जागा नकाशा काढतानाच ठरवावी लागते.