सालई बहरते, पण फळत का नाही?

हातकणंगले : धुपासाठी वापरला जाणारा आणि आयुर्वेदात ‘शल्लकी’ या नावाने परिचित असलेला सुगंधी डिंक सालईच्या झाडापासून मिळतो. बाहुबली किंवा आळत्याच्या डोंगरांसारख्या कोरड्या, खडकाळ उतारांवर सालई लावायची, तर तिच्या फुलोऱ्याची रीत आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

पानगळीनंतर, साधारणतः जानेवारीअखेर ते मार्च या काळात सालईच्या निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना लहान, पांढरट फुलांचे घोस येतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. तरीही स्वतःच्या परागकणांपासून फळ धरत नाही. दुसऱ्या झाडाचेच पराग लागतात. ते आणण्याचे काम प्रामुख्याने आग्या आणि सातेरी मधमाश्या करतात. त्यामुळे बहर भरघोस असला, तरी फळे थोडीच धरतात.

लागवडीतील चूक नेमकी येथेच होते. सालईची फांदी जमिनीत रोवली तरी फुटते. मात्र एकाच झाडाच्या फांद्यांपासून वाढविलेली सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच असतात. ती फुलतील, डिंकही देतील. परंतु आपसांत फळणार नाहीत.

डिंकासाठी वारंवार पाडलेल्या खाचांचाही ताण पडतो. सालईच्याच कुळातील एरिट्रियामधील धुपाच्या झाडांवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत खाचा पाडलेल्या झाडांच्या बियांची उगवण त्यात बरीच कमी आढळली.

म्हणूनच फांद्या अनेक झाडांच्या घ्याव्यात, परिसरातील मधमाश्यांची पोळी राखावीत आणि काही झाडे केवळ बियांसाठी सोडावीत. अन्यथा आजचा डिंक मिळेल. उद्याचे झाड मिळणार नाही.