समुद्र नसलेल्या देशाचा कंटेनर

नेपाळला समुद्रकिनारा नाही. जहाजाने येणारा त्याचा बहुतेक माल कोलकाता किंवा हल्दिया बंदरात उतरतो. 2016 मध्ये विशाखापट्टणमचीही सोय झाली. समजा, नेपाळच्या सीमेलगतच्या बीरगंजजवळील एखाद्या कारखान्याने परदेशातून यंत्राचे सुटे भाग मागवले. कोलकात्याहून बीरगंज सुमारे 700 किलोमीटर. एवढ्या वाटेत त्या कंटेनरचे काय काय होते?

पहिला प्रश्न कराचा. माल भारतात उतरला तरी भारतासाठी आलेला नाही, म्हणून भारत त्यावर आयात शुल्क घेत नाही. दोन्ही देशांमधल्या पारगमन कराराने ही मुभा दिली आहे. पण शुल्क न भरलेला माल वाटेतच विकला गेला, तर आपला महसूल बुडेल, ही कस्टम्सची काळजीही रास्तच. पारगमनाची सगळी व्यवस्था या काळजीतून उभी राहिली आहे.

पूर्वी ही काळजी कागदांवर भागवली जाई. कंटेनरला सील लागे, घोषणापत्राच्या प्रती निघत, आणि माल सीमेपार गेल्याचा शिक्का असलेली प्रत कोलकात्याला परत यावी लागे. आयातदाराच्या एजंटाला बंदरात खेटे घालावे लागत. एखादा कागद अडला की कंटेनर यार्डात पडून राही आणि दुहेरी भुर्दंड बसे: जागा अडवल्याबद्दल डेमरेज आणि कंटेनर वेळेत परत न केल्याबद्दल शिपिंग कंपनीचे डिटेन्शन.

2019 पासून इलेक्ट्रॉनिक कार्गो ट्रॅकिंग सुरू झाले. आता कंटेनरच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप लागते. त्यातले जीपीएस उपकरण डबा कुठे आहे ते सतत कळवत राहते. कुणी कुलपाशी छेडछाड केली तर लगेच इशारा जातो. या पद्धतीत शिपिंग कंपनीच माल थेट बीरगंजला पोचवण्याची जबाबदारी घेते. त्यामुळे आयातदाराची कोलकात्यातली धावपळ वाचते.

बंदरातून निघालेली मालगाडी बिहारमधल्या रक्सौलला पोचते आणि सीमा ओलांडून काही किलोमीटरवरच्या, बीरगंजच्या सिर्सिया कोरड्या बंदरात शिरते. 2004 पासून चालू असलेल्या या बंदरात पाणी नाही, पण रूळ, क्रेन, गोदामे आणि कस्टम्स आहे. इथे डबा उतरतो, कुलूप निघते, नेपाळचे कस्टम्स तपासणी करून शुल्क घेते आणि माल ट्रकवर चढतो. बरीच वर्षे इथे कंटेनर गाड्या चालवण्याची मुभा भारताच्या एकाच सरकारी कंपनीला होती. 2021 मध्ये खासगी कंपन्यांनाही वाट मोकळी झाली.

या वाटेने आसपासचा भाग कसा बदलला, ते बीरगंज ते पथलैया रस्त्यावर दिसते. पोलाद, सिमेंट, खाद्यतेल यांचे कारखाने इथेच दाटले आहेत, कारण कच्चा माल जिथे उतरतो तिथेच तो वापरला तर पुढचे भाडे वाचते. इंधनासाठी 2019 मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही 69 किलोमीटरची पाइपलाइनही आली.

पण एकाच वाटेवर भिस्त ठेवण्यात धोका असतो. 2015 च्या सप्टेंबरपासून काही महिने सीमेवरची वाहतूक अडली, तेव्हा नेपाळात इंधन, गॅस आणि औषधांची टंचाई झाली. त्याची झळ घराघराला बसली. म्हणून करार, पर्यायी बंदरे आणि सीमेवरचा सलोखा यांची गरज रुळांइतकीच आहे.

अजून एक गाठ सुटायची आहे. नेपाळची आयात निर्यातीच्या कित्येक पट आहे. भरून आलेले बहुतेक डबे रिकामे परततात आणि त्या रिकाम्या फेरीचे भाडे अखेर आयातदारावर, म्हणजे गिऱ्हाइकावर पडते. मालाची वाट सुकर झाली की कारखाने येतात, हे बीरगंजने दाखवले. त्या कारखान्यांचा माल याच डब्यांतून बाहेर जाऊ लागेल, तेव्हा भाडे दोन्ही फेऱ्यांवर वाटले जाईल आणि या कॉरिडॉरचा खरा फायदा नेपाळच्या पदरात पडेल.