असंतुलित फॉल्टचे गणित

तीन फेजच्या वीजयंत्रणेत तिन्ही तारा एकाच वेळी, एकाच जागी एकमेकींना भिडल्या तर होणारा फॉल्ट संतुलित असतो. हिशेबाला तो सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात सर्वांत विरळ. उघड्या वाहिन्यांवर नेहमी घडते ते वेगळेच. पिन इन्सुलेटरला तडा जातो, जंपर सुटून क्रॉसआर्मला टेकतो, वाऱ्यात बाभळीची फांदी एका तारेवर येते, किंवा कंडक्टर तुटून शेतात पडतो. यांत एकच फेज जमिनीशी जोडला जातो. उघड्या वाहिन्यांवरचे 70 ते 80 टक्के फॉल्ट याच जातीचे असतात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्याखालोखाल दोन तारा एकमेकींना लागणे आणि दोन तारा मिळून जमिनीला लागणे.

संतुलित स्थितीत एका फेजचा हिशेब केला की बाकीचे दोन 120 अंशांनी फिरवून मिळतात. एक फेज जमिनीला लागला की ही सोय जाते. तिन्ही प्रवाह वेगळे होतात, एका तारेतला प्रवाह शेजारच्या तारेत व्होल्टेज निर्माण करतो आणि फिरती यंत्रे प्रत्येक फेजला निराळा प्रतिसाद देतात. सगळी समीकरणे एकमेकांत गुंतून बसतात.

हा गुंता वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंता चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी सोडवला. एका फेजवर चालणाऱ्या विद्युत रेल्वेमुळे निर्माण होणाऱ्या असंतुलनाचा अभ्यास करताना त्यांना ही रीत सुचली आणि 1918 साली अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी ती मांडली. तीन फेजच्या कितीही वेड्यावाकड्या राशी तीन संतुलित संचांच्या बेरजेने लिहिता येतात, हे त्यांचे म्हणणे. पॉझिटिव्ह सिक्वेन्समध्ये आर, वाय, बी असा नेहमीचा क्रम असतो. निगेटिव्हमध्ये क्रम उलटा असतो. झिरो सिक्वेन्समध्ये तिन्ही राशी एकाच दिशेला असतात, त्यांच्यात कोनाचा फरकच नसतो.

उदाहरण घेऊ. आर फेजमधून 900 अँपिअर जमिनीत जात आहेत, वाय आणि बी रिकामे आहेत. या स्थितीचे तीन भाग केले तर आर फेजमध्ये प्रत्येक सिक्वेन्सचे 300 अँपिअर येतात; तिन्ही एका दिशेचे असल्याने बेरीज 900 होते. वाय फेजमध्येही 300 चे तीन प्रवाह आहेत, पण एकमेकांशी 120 अंशांवर. त्यांची बेरीज शून्य. बी फेजचेही तसेच. रिकाम्या तारेत तीन प्रवाह मानायचे आणि ते एकमेकांना खोडतात असे म्हणायचे, हे पहिल्यांदा शिकणाऱ्याला खटकते. मात्र सगळी रीत याच पायावर उभी आहे.

हे भाग केवळ कागदावरचे नाहीत. रोहित्राच्या 11 केव्ही बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला की गावात एका फेजवरचे दिवे नेहमीसारखे आणि दोन फेजवरचे मंद दिसतात. 11 केव्हीकडची गुंडाळी डेल्टा असल्याने एका गुंडाळीला पूर्ण व्होल्टेज मिळते आणि उरलेल्या दोघींना साधारण अर्धे-अर्धे. त्या वेळी चालू असलेल्या कृषिपंपाच्या मोटरीत निगेटिव्ह सिक्वेन्सचे चुंबकीय क्षेत्र रोटरच्या उलट फिरते. रोटरला ते जवळजवळ 100 हर्ट्झचे भासते. या प्रवाहाला मोटरीचा इम्पीडन्स सुरू होतानाच्या वेळेइतका, म्हणजे फार कमी असतो. सुरू होताना सहापट प्रवाह घेणारी मोटर 5 टक्के निगेटिव्ह व्होल्टेजवर सुमारे 30 टक्के जादा निगेटिव्ह प्रवाह ओढते, आणि त्यातून निव्वळ उष्णता निघते. डीओ उडाल्यावर तर हे व्होल्टेज 5 टक्क्यांच्या कितीतरी पुढे जाते. सिंगल फेजिंगने मोटर जळते ती अशी.

फॉल्टच्या हिशेबात प्रत्येक सिक्वेन्सचे स्वतंत्र जाळे काढतात. उद्गमाचे व्होल्टेज फक्त पॉझिटिव्ह जाळ्यात असते, कारण जनित्र संतुलित वीजच तयार करते. एक फेज जमिनीला लागला तर तिन्ही जाळी एकामागे एक जोडायची. दोन फेज एकमेकांना लागले तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह समांतर जोडायची. जमिनीचा संबंध नसल्याने झिरो येतच नाही. दोन फेज जमिनीसह लागले तर तिन्ही समांतर.

खरी मेख झिरो सिक्वेन्सच्या जाळ्यात असते. तिन्ही तारांतून एकाच दिशेने निघालेल्या प्रवाहाला परतायला न्यूट्रल किंवा जमीन लागते. डेल्टा गुंडाळीत तो आतल्या आत फिरतो, बाहेरच्या तारांत उतरत नाही. त्यामुळे रोहित्राची जोडणी आणि न्यूट्रलचे अर्थिंग नीट पाहिल्याशिवाय हे जाळे काढू नये.

33/11 केव्हीचे एक उपकेंद्र घेऊ. 10 एमव्हीएचे डेल्टा-स्टार रोहित्र, इम्पीडन्स 10 टक्के, न्यूट्रल थेट अर्थ केलेला, 33 केव्हीची फॉल्ट लेव्हल 500 एमव्हीए. 10 एमव्हीएच्या पायावर (बेसवर) उद्गमाचा इम्पीडन्स 0.02 पर युनिट येतो. म्हणून 11 केव्ही बसवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रत्येकी 0.12. झिरो मात्र 0.10, कारण डेल्टामुळे 33 केव्हीचा उद्गम त्या जाळ्यात येत नाही. पायाचा प्रवाह 525 अँपिअर. तिन्ही फेजचा फॉल्ट 525 भागिले 0.12, म्हणजे सुमारे 4,375 अँपिअर. दोन फेजचा सुमारे 3,790. एका फेजचा जमिनीशी फॉल्ट 525 च्या तिपटीला 0.34 ने भागून सुमारे 4,630. एकाच तारेचा फॉल्ट तिन्ही तारांच्या फॉल्टपेक्षा मोठा! केवळ संतुलित हिशेबावर विसंबून बसजवळची उपकरणे निवडली तर चूक होईल, ती इथे.

वाहिनीवर दूर गेल्यावर चित्र उलटते. तारांचा झिरो सिक्वेन्स इम्पीडन्स पॉझिटिव्हच्या साधारण तिप्पट धरतात. रोध बाजूला ठेवून दर किलोमीटरला 0.35 आणि 1.05 ओहम घेतले, तर 10 किलोमीटरवर तिन्ही फेजचा फॉल्ट सुमारे 1,280 अँपिअर आणि जमिनीशी एका फेजचा फक्त 880 अँपिअर उरतो.

हाही आकडा धातूचा पक्का स्पर्श गृहीत धरून आलेला. तार कोरड्या मुरमावर पडली आणि स्पर्शाचा रोध 100 ओहम असला तर? फॉल्टमधून झिरो सिक्वेन्सच्या तिप्पट प्रवाह जातो, म्हणून हिशेबात हा रोध तिपटीने, 300 ओहम धरावा लागतो. प्रवाह उरतो सुमारे 63 अँपिअर. फीडरचा रोजचा लोड याहून जास्त असू शकतो, तेव्हा ओव्हरकरंट रिलेला यात वावगे काही दिसत नाही. यासाठी अर्थ फॉल्ट रिले असते. ती तिन्ही फेजच्या सीटींच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) प्रवाहांची बेरीज मोजते, आणि संतुलित लोडमध्ये ही बेरीज शून्याजवळ असल्याने तिचे सेटिंग बरेच खाली ठेवता येते. 300/1 च्या सीटीवर 20 टक्के सेटिंग म्हणजे 60 अँपिअर. 63 अँपिअरला रिले जेमतेम उचलेल आणि ट्रिप व्हायला फार वेळ घेईल, किंवा चालणारही नाही. रोध 200 ओहम झाला की प्रवाह 32 अँपिअरवर येतो आणि रिलेला फॉल्ट मुळीच दिसत नाही. सेटिंग आणखी खाली आणले तर लोडच्या साध्या असमतोलावरही फीडर ट्रिप होऊ लागतो. ही मर्यादा या हिशेबातून आकड्यांत कळते, आणि म्हणून तो प्रत्येक फीडरसाठी वेगळा, तिथल्या जमिनीचा विचार करून करायला हवा.

जमिनीवर पडलेली, ठिणगीही न उडणारी तार म्हणूनच बंद समजू नये. तिच्यात पूर्ण 11 केव्ही असू शकते. तिच्याजवळ माणसांना आणि जनावरांना जाऊ देऊ नये, आणि वीज तक्रारीच्या 1912 या क्रमांकावर लगेच कळवावे.