'मुलकी', 'भूमिपुत्र' आणि 'परप्रांतीय'

स्थलांतराच्या प्रश्नावर राजकीय पक्ष जी भूमिका मांडतो, तिचा बराचसा भाग शब्दाच्या निवडीतच ठरून गेलेला असतो. प्रस्तुत लेखात अशा तीन शब्दांचा विचार करावयाचा आहे.

पहिला शब्द 'मुलकी'. मराठीत तो महसुली कारभाराच्या संदर्भात परिचित आहे. परंतु निजामाच्या राज्यात त्याचा अर्थ 'राज्याचा रहिवासी' असा होता. १९१९ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीस मुलकी असणे अवश्य असे. हा दर्जा जन्माने मिळे, तसाच १५ वर्षांच्या स्थायी वास्तव्यानेही मिळे. म्हणजे गैरमुलकी माणसास काळाच्या ओघात मुलकी होता येत असे.

तुळजापूर तालुक्यातील अणदूरचे उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे गाव हैदराबाद राज्यात होते. तेथील उमेदवार हैदराबादेत मुलकी, आणि शेजारच्या सोलापूरचा मराठी भाषक गैरमुलकी! राज्य-पुनर्रचनेनंतर अणदूर मुंबई राज्यात आले. सोलापूरकर एकाच दिवसात स्वराज्यातला झाला, आणि अणदूरकर हैदराबादेत परराज्यातला ठरला. माणसे जागची हलली नव्हती; हलली ती सीमा.

नियमाचा शब्द घोषणेत उतरला की त्यातील कालगणना गळून पडते. १९५२ च्या हैदराबादेतील मुलकी आंदोलनात गैरमुलकींसह इडली-सांबारालाही परत जाण्यास सांगण्यात आले. १५ वर्षांचा हिशेब घोषणेत मावत नाही, खाद्यपदार्थ मावतो.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने 'भूमिपुत्र' हा शब्द रूढ केला. पुराणांत भूमिपुत्र म्हणजे मंगळ; येथे त्यास नोकरीवरील हक्काचा अर्थ आला. मुंबईतील मराठी तरुणांची बेकारी हे त्यामागील वास्तव दुःख होते, हे नाकारता येत नाही. परंतु 'पुत्र' हे नाते जन्माने लाभते. वास्तव्याने ते मिळवता येत नाही. 'मार्मिक' साप्ताहिकाने 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली कार्यालयांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. या प्रचारतंत्राचे मर्म असे की, आडनावावरून भाषा ओळखता येते, वास्तव्याची वर्षे मात्र मुळीच कळत नाहीत. पुढे 'लुंगी' या वस्त्रानेही तेच कार्य केले.

तिसरा शब्द 'परप्रांतीय'. संविधानाने १९५० मध्ये 'प्रांत' जाऊन 'राज्ये' आली. शब्द मात्र टिकला. साठच्या दशकात त्याचा रोख दाक्षिणात्यांवर होता. २००६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या २००८ च्या आंदोलनात तो उत्तर भारतीयांवर वळला. लक्ष्य पालटले तरी शब्द पालटावा लागला नाही. कारण 'पर' कोण, हे तो शब्द स्वतः सांगतच नाही. ते ठरविण्याचा अधिकार बोलणाऱ्याकडे राहतो, आणि पक्षाच्या दृष्टीने हीच त्याची उपयुक्तता होय.

संविधानाच्या अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत जन्मस्थान व निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली आहे. निवासाची अट घालण्याचा अधिकार केवळ संसदेस दिला आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेतही निवासाला मोजता येणारा अर्थ आहे. म्हणून अभ्यासकाने कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यास एकच प्रश्न विचारावा : यातील 'बाहेरचा' माणूस किती वर्षांनी 'आतला' होतो? उत्तरात आकडा असेल, तर ते धोरण आहे आणि त्यावर वाद घालता येईल. आकडा नसेल, तर तो माणूस कायमचाच बाहेरचा राहणार, असे समजावे.