रंग बदलणारा आणि न बदलणारा

वैशाखात तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्या मजुरांना फांदीवर कधी कधी शॅमेलिऑन, म्हणजे रंग पालटणारा सरडा, दिसतो. तो विषारी आहे, या समजुतीने कोणीतरी दगड उचलतो. वस्तुतः त्याला विष मुळीच नसते.

बिडी कामगारांच्या सभांतून आम्ही अनेक वर्षे बोललो. मालकाशी आतून संगनमत करणाऱ्या एका पुढाऱ्याला आम्हीही 'सरड्यासारखा रंग बदलणारा' म्हटले होते. पुढे वाचन वाढले, तेव्हा ही उपमा चुकल्याचे ध्यानात आले.

शॅमेलिऑन ज्या फांदीवर बसतो तिचा रंग घेतो, हे खरे नाही. स्वस्थ असताना तो हिरवा असतो, म्हणून पानांत लपतो. दुसरा नर समोर आला की त्याचे अंग भडक होते; थंडी वाजली की ऊन शोषण्यासाठी काळपट होते. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या एका जातीवर संशोधन करून याचे कारण दाखविले. कातडीतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी चिडला की त्यांच्यातील अंतर वाढते, आणि हिरव्याचा पिवळा, तांबडा रंग होतो. रागाने माणसाचा चेहरा लाल व्हावा, तसेच हे. मनातले त्याला झाकताच येत नाही!

आता मुशी पाहा. कोकण किनाऱ्यावरचा हा लहान शार्क, सुमारे दोन फुटांचा. भंडाऱ्याहून समुद्र दूर. तरी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेल्यांना तो 'स्कोलिओडॉन' या नावाने ठाऊक असेल. त्याची पाठ करडी, पोट पांढरे. वरून पाहावे तर पाठ खालच्या काळोख्या पाण्यात मिसळते. खालून पाहावे तर पोट वरच्या उजेडात हरवते. घटकेत रंग पालटण्याची मुशीला गरजच नाही.

मग आमचा तो पुढारी कोणासारखा? त्याने रंग कधी बदललाच नव्हता. पहिल्या दिवसापासून त्याची एक बाजू कामगारांकडे होती, दुसरी मालकाकडे. त्याला मुशीचीच उपमा अधिक शोभली असती. अर्थात मुशी हे पोटासाठी करते. तिला कोणी निवडून दिलेले नसते.

शॅमेलिऑनला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा श्रोतेहो, पुढच्या खेपेस तो दिसला, तर हातातला दगड खाली टाका आणि घटकाभर त्याच्याकडे पाहत उभे राहा. आपल्याला पाहून त्याला काय वाटले, ते तो आपण होऊन सांगेल.