खेळाची पारख

मुलांनो, नवा चित्रपट आला की वर्तमानपत्रात त्याचे परीक्षण छापून येते. व्हिडिओ गेमचेही तसेच परीक्षण होते. ते वाचताना नुसते गुण पाहू नका. समीक्षकाने खेळ केव्हा आणि कोणत्या यंत्रावर खेळला, तेही पाहा.

पुण्यात तयार झालेला 'राजी' हा खेळ २०२० साली आला. त्यातील महाल आणि नक्षीकाम समीक्षकांना फार आवडले. लढाई मात्र काहींना तीच ती वाटली. २०२२ च्या जपानी 'एल्डन रिंग'ची खूप वाहवा झाली. तो अवघड आहे, अशी तक्रारही झाली. कित्येकांना तर तीच त्याची गंमत वाटली!

'सायबरपंक २०७७' या पोलंडच्या खेळाची गोष्ट निराळी. डिसेंबर २०२० मध्ये तो बाजारात आला. त्याआधी समीक्षकांना तो फक्त संगणकावर खेळायला मिळाला होता. त्यांनी त्यातल्या शहराची तारीफ केली. लोकांनी भरवशाने पैसे मोजले. पण प्लेस्टेशन ४ वर खेळ अडखळे, मध्येच बंद पडे. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढे खूप दुरुस्त्या झाल्या. २०२३ मध्ये समीक्षकांनी त्याच खेळाची पुन्हा स्तुती केली.