ओटा आणि पुनर्विकासाची वाट

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा इमारतींमधला ओटा बहुतेक घरांत एकाच घडणीचा असे. खाली उभे आधार, त्यांवर टाकलेली काळ्या कडाप्प्याची लांब फळी, एका टोकाला सिंक किंवा मोरी आणि ओट्याखाली सिलिंडर, रॉकेलचा डबा, तांदळाची कोठी. इथे राहायला आलेली माणसं कारखान्यांतली होती. शेजारच्या जेकेग्रामची रेमंड गिरणी 1925 पासूनची, तर वागळे इस्टेट 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाल्यानंतर उभी राहिलेली. या कामगारांच्या आयांनी गावी किंवा चाळीत चुलीपुढे बसून स्वयंपाक केला होता. बायकोच्या वाट्याला मात्र उभ्याचा ओटा आला. मुंबईत स्वयंपाकाचा गॅस 1950 च्या दशकाच्या मध्यात बर्मा शेलने आणला, पण इकडे जोडणीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. तोवर त्याच ओट्यावर वातीचा स्टोव्ह असे.

कडाप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून येतो. तो स्वस्त होता, जाड होता, जड पातेली आणि पाटा-वरवंटा बिनतक्रार सोसत होता. पण जातीने तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतलं काहीही सांडून राहिलं की पांढुरका डाग कायमचा. बायका रात्री ओटा पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवत, त्याने चार दिवस काळेपणा यायचा. काठावर नारळ फोडल्याने टवके उडत. खरं दुखणं मात्र सिंकच्या सांध्यात होतं. तिथलं सिमेंट सुटलं की पाणी खाली झिरपायचं आणि त्या फटीत झुरळांचा संसार मांडला जायचा.

पहिली सुधारणा भिंतीवर झाली. ओट्यामागे पांढऱ्या टाइल्सच्या दोन-तीन ओळी लागल्या आणि फोडणीचे तेलकट डाग धुता येऊ लागले. टाइल्सना फार लांब जायला नको होतं, घोडबंदर रस्त्यावर जॉन्सनचा कारखानाच होता. 1990 च्या दशकात ग्रेनाइट आवाक्यात आलं, पुढे ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या आल्या, महानगर गॅसची पाइपलाइन आल्यावर सिलिंडरची जागा मोकळी झाली. आणि नेमक्या याच काळात वसाहतीत पुनर्विकासाचं वारं शिरलं.

माझ्या मते या मागोव्यातला सगळ्यात महागडा काळ हाच. इमारत पाडणार आहेत, कशाला खर्च करायचा, हे वाक्य घराघरांत रुजलं. विकासक बदलले, सभा झाल्या, सह्या झाल्या, काही ठिकाणी प्रकरणं कोर्टात अडकली. मधल्या काळात हॉलमध्ये नवा टीव्ही आला, दरवाजाला सेफ्टी डोअर लागलं, गळक्या सांध्याचा ओटा मात्र तसाच राहिला. निर्णय घेणारा माणूस तिथे उभा राहत नव्हता आणि उभी राहणारी बाई निर्णयात नव्हती, एवढं साधं त्याचं कारण. लग्न होऊन आलेल्या कितीतरी जणींची सासू होईपर्यंतची वर्षं त्या एका फळीपुढे गेली.

तरीही काही घरांनी थोडक्या पैशांत वाट काढली आणि ते उपाय आजही लागू आहेत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कडाप्पा मशीनने घासून घेणं. वरचा डागाळलेला थर जातो आणि आतला काळा दगड निघतो. सिंकचा सांधा पूर्ण खरवडून एम-सील किंवा ग्राउटने पुन्हा भरायचा, नुसतं वरून व्हाइट सिमेंट फासलं की ते पावसाळ्याआधीच सुटतं. दुसरा उपाय, जुना ओटा न फोडता त्यावरच ग्रेनाइट बसवणं. सात फूट लांब, दोन फूट रुंद ओट्याला 14 चौरस फूट दगड पुरतो. मार्बलच्या दुकानांत मोठ्या कामांतून उरलेले कटपीस असतात, ते बरेच स्वस्त पडतात. गॅसखाली एक तुकडा, सिंककडे दुसरा, असा जोड चालवून घेतला तर खर्च आणखी उतरतो. ओटा फोडायचा, डेब्रिस खाली उतरवायचं, नवे आधार बांधायचे, हा खर्च वाचतो तो वेगळाच.

यात एक अडचण आहे. 18 मिमी ग्रेनाइट आणि खालचा मसाला मिळून ओटा इंचभर वर येतो, त्यावर शेगडी, शेगडीवर कुकर. बुटक्या बाईचे खांदे याने भरून येतात. ओटा कोपरापासून साधारण चार इंच खाली असावा. ज्या घरात तो आधीच उंच आहे तिथे वरून दगड चढवू नये, घासून घ्यावा. पाण्याचा उतार सिंककडे हवा आणि पुढच्या पट्टीखाली बारीक खाच हवी, म्हणजे ओघळ ट्रॉलीत जात नाही.

हल्ली क्वार्ट्झची ओढ आहे. तो दिसतो सुरेख, पण कमी बजेटला तो परवडत नाही आणि माझा आक्षेप पैशापुरता नाही. त्यात बहुधा 90 टक्क्यांहून जास्त सिलिका असते. कोरडा कापताना उडणारी धूळ कारागिरांच्या फुफ्फुसात बसून सिलिकोसिस होतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. सिलिका ग्रेनाइटमध्येही असते. तेव्हा दगड कोणताही असो, कापताना पाणी सोडायला सांगा आणि ग्राइंडर चालवणाऱ्याच्या तोंडाला चांगला मास्क आहे का ते पाहा.

ज्यांची इमारत अजून उभी आहे त्यांनी सांधा आणि घासाई या दोन कामांसाठी पुनर्विकासाची वाट पाहू नये. आणि ज्यांचा करार व्हायचा आहे त्यांनी सोयींच्या यादीत ‘ग्रेनाइटचा ओटा, स्टीलचं सिंक’ एवढ्यावर सही करू नये. घरात जी रोज स्वयंपाक करते तिच्या कोपराचं माप घेऊन ओट्याची उंची त्या यादीत लिहून घ्यावी.